जर्दाळूची थंडी

धाराशिवच्या बाजारात जर्दाळू मिळतो तो सुकलेला, सुरकुतलेला. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आणि त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, हेच सुके फळ भिजवून साखरेत शिजवावे, बी फोडून निघालेला बदामासारखा गर वर पेरावा, आणि ‘खुबानी का मीठा’ म्हणून मेजवानीस वाढावे, अशी चाल पडली. ज्या मुलखात झाड नाही तेथे फळाचा एवढा मान, ही मौजच!

‘जर्दाळू’ हा शब्द फारसी. जर्द म्हणजे पिवळा, आणि आलू म्हणजे आलुबुखाऱ्याच्या जातीचे फळ. अकबराने १५८६ साली काश्मीर घेतले, त्यापूर्वी तेथे कलमी जर्दाळूची झाडे थोडीच होती. महंमद कुली अफशार याने ती वाढविली, अशी नोंद जहांगिराने आत्मचरित्रात केली आहे.

मग बालाघाटच्या पठारावर हे झाड का फळत नाही? उन्हामुळे, असे कोणीही म्हणेल. पण खरी वाण थंडीची आहे. हिवाळ्यात हे झाड निजते, आणि सुमारे सात अंशांखालच्या थंडीचे शेकडो तास पदरी पडल्यावाचून त्याच्या कळ्या नीट जाग्या होत नाहीत. धाराशिवची थंडी त्याला पुरत नाही.

तथापि थंड देशांतही ते सुखी नाही. निजलेले झाड उणे वीस अंशही सोसते. उमललेला मोहोर मात्र उणे दोन-तीन अंशांत करपतो. चार दिवस ऊब आली की हे झाड फसते, इतरांच्या आधी फुलते, आणि मागून हिम पडते. रोमन लोकांनी या फळास ‘लवकर पिकणारे’ अशा अर्थाचे नाव दिले होते. घात होतो तो या घाईनेच. म्हणून जाणते बागवान ते दरीच्या तळाशी लावीत नाहीत, कारण गार हवा तेथे साचते. उत्तरेकडील उतार पसंत करतात, म्हणजे मोहोर उशिरा येतो. रशियात कोझलोव्ह येथे मिचूरिनने बी पेरून काटक रोपे निवडण्याचा उद्योग केला.

लडाखात मोहोर एप्रिलात येतो. तेथील पांढऱ्या बीच्या ‘रक्त्से कार्पो’ या जातीस २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा गर गोड असतो. कडू गराच्या जाती निराळ्या, त्यांत विष असते, आणि त्यांचे तेल काढतात.