घाटातली गुडदाणी



या व्यासपीठावरून पेशव्यांच्या मोहिमा झाल्या, संतवाङ्मय झाले, अणुशक्तीही झाली; चिक्कीवर बोलावयास उभे राहिलेले पहिले वक्ते बहुधा आम्हीच. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो कळविला. उत्तर आले, ‘शक्य तर काही ऐतिहासिक घ्यावे.’ आम्ही उलट लिहिले की हे ऐतिहासिकच आहे, आणि चालकांनी ते मानले, याबद्दल त्यांचे आभार.

आपल्यापैकी लोणावळ्याहून चिक्कीचा पुडा न आणलेला माणूस सापडणे कठीण. तो पुडा घरच्या मुलांसाठी म्हणून घेतलेला असतो. गाडी सुटते, एक कोपरा फोडून चव पाहिली जाते, मग शेजारच्यास एक तुकडा देणे भाग पडते, आणि कर्जत येईपर्यंत पुडा निम्मा झालेला असतो. जिलबी खाऊन माणूस थांबतो, श्रीखंडाने तर लवकरच थांबतो. चिक्कीचा मात्र एक तुकडा संपला की हात आपोआप दुसऱ्याकडे जातो. गोडाबरोबर भाजल्या दाण्याचा खरपूसपणा असतो, वर ती दाताखाली फुटते. हे सारे आपणांस ठाऊकच आहे. आम्हांस सांगावयाचे आहे ते हे की, प्रवाशाच्या हाती येण्यापूर्वी ही वस्तू कोणाच्या हाती होती.

आमचे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांची हजेरी घाटातल्या रुळांवर. पावसाळ्यात दरड कोसळते काय हे पाहत रात्री कंदील घेऊन रुळांच्या कडेने चालावयाचे, हे त्यांचे काम. निघताना आई त्यांच्या फडक्यात दोन मुठी भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा एक खडा बांधून देई. भाकरी भिजते, दाणे भिजले तरी खाता येतात. सकाळी परत आल्यावर फडक्यात जे उरले असेल ते आम्हां भावंडांचे. पुढे शाळा सुटली, कामास लागलो, कामगारांच्या वाचनालयात जे हाती येईल ते वाचीत गेलो, आणि तेथे एका पुस्तकात भोरघाटाच्या बांधकामाची हकीकत वाचताना ते फडके आठवले. या व्याख्यानाचे मूळ तेथे आहे.

आता चिक्की म्हणजे काय? गूळ आणि दाणा. तीळ आपल्याकडे फार जुना. हडप्पाच्या उत्खननात त्याचे जळके दाणे मिळाले आहेत. तीळ आणि गूळ यांची वडी संक्रांतीस आपण वाटतोच. भुईमूग मात्र परका. तो दक्षिण अमेरिकेचा, आणि समुद्रावरून येथे आला. आल्यावर आपल्या माणसाने त्यास ‘भुईतला मूग’ असे घरचे नाव देऊन टाकले. राजगिऱ्याचे दाणे अमेरिकेचे, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद अमेरिकेचा, बटाटा, रताळे, मिरची तिकडचीच. म्हणजे आपण एकादशीस जे सोवळ्याने खातो त्यातले बहुतेक सारे ज्ञानेश्वरांनी डोळ्यांनीही पाहिलेले नव्हते. हे सांगितल्यावर आमच्या एका वृद्ध शेजारणीने उपवास सोडला नाही, पण आमच्याशी दोन दिवस बोलणे सोडले.

गूळ मात्र येथला. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात ज्यांनी रात्र काढली असेल त्यांस तो वास आयुष्यभर सोडीत नाही. चुलवाणात चिपाडांचा जाळ, वर मोठी काहील, तीत उकळणारा रस. वर येणारी मळी काढीत राहावयाचे आणि नेमक्या क्षणी काहील उतरवावयाची. तो क्षण गुळव्याच्या नजरेत असतो. क्षण चुकला तर ढेप बसत नाही, काकवी होते. चिक्कीस चिवट ताणाचा गूळ लागतो. बाजारात तो ‘चिक्कीचा गूळ’ म्हणूनच मागतात. तो कढईत वितळवून पाक पुढे नेत राहावयाचा, मधूनमधून थेंब पाण्यात टाकून पाहावयाचा. थेंब मऊ राहिला तर लाडू होईल. ताटलीवर टाकता ‘टक’ असा वाजला तर चिक्की. मग दाणे ओतून, तूप लावलेल्या फरशीवर घेऊन झटपट लाटणे. मिनिट-दोन मिनिटांत काम झाले नाही तर लाटणे चालत नाही. पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो आणि हातास चिकटतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे तिचे काम आहे.

आता घाटाकडे वळू. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, हे शाळेतला मुलगाही सांगतो. पण कंपनीस ठाण्यास जावयाचे नव्हते; तिला दख्खनचा कापूस बंदरावर आणावयाचा होता, आणि मध्ये सह्याद्री उभा होता. भोरघाटाचे काम 1856 साली सुरू झाले. सुमारे 15 मैलांत 1,800 फुटांवर चढावयाचे, 25 बोगदे, कित्येक पूल, आणि काही ठिकाणी 37 फुटांस एक फूट असा चढ. 1858 साली खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, खाली खोपोलीपर्यंत होतीच. मधला घाट उतारू पालखीतून, तट्टावरून अगर गाडीतून ओलांडीत. वर आणि खाली आगगाडी, आणि मध्ये माणसांचे खांदे, अशी स्थिती पाच वर्षे होती.

मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांनी या कामाचे वर्णन लिहून ठेवले आहे. कड्यावर पाय ठेवण्यास जागा नसे, तेथे माणसे दोरांनी खाली सोडीत. लोंबकळत ती पहारीने सुरुंगाची भोके पाडीत. पावसाळ्यात काम बंद पडे, माणसे शेताकडे जात, आणि पाऊस ओसरल्यावर परत येत. पुरुष दगड फोडीत, बायका पाट्या वाहत, मुलेही राबत. 1861 साली या एका घाटात 40,000 हून अधिक माणसे कामावर होती. लोणावळा-खंडाळा तेव्हा लहान खेडी. इतक्या माणसांस पाणी कोठले, झोपडी कोठली? पटकीची साथ आली की तळच्या तळ उठत. हजारो माणसे तेथे गेली. घाटात त्यांच्या नावाचा दगड कोठे आमच्या पाहण्यात नाही.

या माणसांच्या तळावर गुडदाणी विकली जाई, असे लोणावळ्यात चिक्कीचे जुने व्यापारी सांगत आले आहेत. गूळ वितळवून त्यात दाणे घालावयाचे आणि वड्या पाडावयाच्या. पुढे तिचेच नाव चिक्की झाले. आम्ही त्या हकीकतीकडे कामगाराच्या बाजूने पाहतो, आणि आम्हांस ती अगदी पटते. जो दोरावर लोंबकळतो त्यास दुपारी चूल पेटविता येत नाही. त्यास कनवटीस मावणारे, न नासणारे, एका हाताने खाता येणारे आणि पोटास आधार देणारे काही हवे. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. गूळ लगेच ताकद देतो. आज ज्यास आपण चैनीचा खाऊ म्हणतो तो मुळात शिदोरीचा प्रकार आहे.

पण गुडदाणी विकत घेण्यास मजुरी हाती पडावी लागते. घाटाचा ठेका विल्यम फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराकडे होता. त्याच्या खाली पोटकंत्राटदार, त्यांच्या खाली मुकादम, आणि सर्वांत खाली पहार धरणारा. वरून निघालेला पैसा प्रत्येक पायरीवर थोडा थांबे. मजुरी उशिरा मिळे, ठरल्यापेक्षा कमी मिळे. जानेवारी 1859 मध्ये मजुरांचा संयम सुटला. जमाव गोऱ्या अधिकाऱ्यांवर चालून गेला, मारहाण झाली. सरकारदरबारी त्यास ‘दंगा’ असे नाव पडले. आम्ही त्यास मजुरीसाठी केलेला उठाव म्हणतो. मुंबईतल्या गिरण्यांत संघटनेचे नाव निघाले ते पुढे कैक वर्षांनी. घाटातल्या माणसांजवळ ना संघटना, ना पुढारी, ना मागण्यांचा कागद. तरी मागणी काय आहे हे सर्वांस कळले.

त्याच वर्षी फॅव्हिएलने ठेका सोडला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आला आणि आल्या वर्षीच वारला. पुढचे काम त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने, चालविले. 1863 च्या एप्रिलात घाट खुला झाला. ट्रेडवेलबाईंची आठवण अलीकडे पुष्कळ लिहिली जाते आणि ते योग्यच आहे. मात्र पाटी वाहणाऱ्या बायकांतली एकही नावाने ठाऊक नाही.

सरकारने या प्रकरणातून काय बोध घेतला? 1860 साली मालक आणि कामगार यांच्या तंट्यांचा कायदा झाला. रेल्वे, कालवे आणि अशा सार्वजनिक कामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावे, हा त्याचा हेतू. ऐकावयास बरे वाटते. पण काम अर्धवट सोडणाऱ्या मजुरास त्याच कायद्याने फौजदारी शिक्षा होऊ शके. पगार थकविणारा धनी आणि काम टाकून जाणारा मजूर एकाच तराजूत घातले, आणि तुरुंग मात्र एकाच्याच वाट्यास ठेवला. मजुरी ठरल्या तारखेस दिलीच पाहिजे, हजाराहून कमी माणसे असतील तर महिना संपल्यावर सात दिवसांच्या आत, असा कायदा व्हावयास 1936 साल उजाडले. घाटातल्या त्या जानेवारीनंतर 77 वर्षे! कामगाराच्या घरी पगाराची सात तारीख सणासारखी असते. ती तारीख कायद्यात आली, तिच्यामागे असे उठाव आहेत.

घाट झाला, मजूर पांगले, गुडदाणी उरली. तिला नवे गिऱ्हाईक रुळांनीच आणून दिले. चढ इतका उभा की कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात. उतरताना ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडीत नाहीत. म्हणजे गाडी थांबणार, आणि उतारू खिडकीतून डोकावणार. कर्जतचा बटाटेवडा आणि लोणावळ्याची चिक्की, दोन्ही या थांब्यांवर वाढली. वाफेचे इंजिन जाऊन विजेचे आले तरी चढ तोच राहिला, म्हणून थांबाही राहिला. 2023 साली सुरू झालेली सोलापूरची वंदे भारत मात्र जादा इंजिनाशिवाय घाट चढते आणि कर्जतलाही थांबत नाही, लोणावळ्यालाही नाही. तिला वड्याचा वासही ठाऊक नाही.

बाकीचा इतिहास आपल्या डोळ्यांदेखत झाला आहे. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मागून इतर आले, साखर घरोघर झाली आणि चिक्कीही पांढरी होऊ लागली. काजू आला, खोबरे आले, चॉकलेटही आले; ती चव आमच्या जिभेस पटत नाही, पण नातवंडांपुढे कोण बोलणार? 2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि फलाटावरचा फेरीवाला हटून काचेच्या दुकानांच्या रांगा लागल्या.

त्या काचेच्या मागे काय असते ते आम्ही 2008 साली पाहिले. घाटमाथ्यावरच्या एका कारखान्यातल्या बायकांनी आम्हांस बोलाविले होते. कोंदट खोली, तीन कढया, मध्ये लांब फरशी. लाटणारे पुरुष, कापणाऱ्या आणि पुडे बांधणाऱ्या बायका. जवळजवळ प्रत्येकीच्या बोटांवर पाकाचे जुने डाग. पाक सांडला तर झटकता येत नाही, चिकटून राहतो, हे वर सांगितलेच आहे. त्या ‘किलोवर’ काम करीत, म्हणजे जितके पुडे बांधाल तितके पैसे. आणि हजेरीपुस्तकात त्यांची नावेच नव्हती. तुटकी चिक्की वजनातून वजा होई. पगार कधी दहा तारखेस, कधी वीस तारखेस.

पण तक्रार निघाली ती दिवाळीवरून. शेठनी बोनस म्हणून प्रत्येकीस चिक्कीचा एकेक पुडा दिला होता. एक बाई म्हणाली, “दादा, वर्षभर हिच्याच वासानं डोकं उठतंय. पोरं म्हणतात, आई, हे नको आणू.” शेठ आमच्याशी फार गोड बोलले. म्हणाले, “आमच्याकडे सगळ्या घरच्यासारख्या आहेत.” आम्ही म्हटले, घरच्यासारख्या आहेत तर घरच्यांची नावे पुस्तकात लिहावयास हरकत काय? 1965 च्या कायद्याप्रमाणे वर्षाच्या पगाराच्या निदान 8.33 टक्के बोनस रोख द्यावा, एवढेच मागणे होते. चहा आला, चिक्कीही आली. आम्ही चहा घेतला.

चार महिने गेले. मध्ये दोघींना कामावरून कमी केले, त्यांना परत घेण्यासाठी आठवडाभर सर्वांनी फरशी थंड ठेवली. ऐन मोसमात फरशी थंड राहिली म्हणजे काय होते ते शेठना आमच्यापेक्षा चांगले कळत होते. नावे पुस्तकात चढली. तुटीची वजावट बंद झाली. पगाराची तारीख सात ठरली. ती ठरताना आम्हांस घाटातली ती माणसे आठवली, पण बायकांना तेव्हा इतिहास सांगण्याची वेळ नव्हती. त्यांना घरी जाऊन स्वयंपाक करावयाचा होता.

पुढच्या दिवाळीस बोनस रोख मिळाला. शेठनी वर पुडाही दिला, आणि तो हसून दिला, हे त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे. त्या संध्याकाळी ती मघाची बाई आम्हांस स्टेशनावर दिसली. मुंबईकडची गाडी उभी होती. तिने पुडा खिडकीतल्या एका उतारूस दुकानापेक्षा दोन रुपये कमी घेऊन विकला आणि त्या पैशांत पोरांसाठी गरम वडे बांधून घेतले.