ठशाखालचा चेहरा

इ. स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी या गावी जमिनीतून जो रौप्यनिधी वर आला, त्यात सुमारे १३,२५० नाणी होती. ती सारी मूळची क्षहरात क्षत्रप नहपानाची असली, तरी त्यांपैकी ९,०००हून अधिक नाण्यांवर त्याचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. शत्रूची चांदी आटवून नवे नाणे पाडणे त्याला अशक्य नव्हते. परंतु त्याने तीच नाणी टांकसाळीत घालून एका बाजूस तीन कमानींची टेकडी आणि दुसरीस उज्जयिनी-चिन्ह उठवले. घण सर्वत्र सारखा बसला नाही. म्हणूनच कोठे टेकडीच्या आडून नहपानाचे नाक डोकावते, कोठे कडेला ग्रीक अक्षरांचा तुकडा उरतो, तर कोठे बाण व वज्र यांची पुसट रेघ दिसते. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राने क्षहरात वंश निःशेष केल्याचे कोरून ठेवले आहे. त्याच पुत्राच्या नाण्यांनी मात्र त्या वंशाचा चेहरा आपल्या पोटात सांभाळला, आणि विजेता कोण व विजित कोण याचा निर्विवाद दाखला इतिहासाला दिला.

हा फेरफारच होता, पण राजसत्तेने उघडपणे, चलनासाठी केलेला. पुढे मराठेशाहीत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच पेठेत चालत, त्यांचा बट्टा वेगवेगळा असे, आणि सरकारी भरणा घेताना पोतदार नाणे पारखून घेई. सराफाने आतली चांदी तपासण्यासाठी मारलेले बारीक ठोके पुष्कळ जुन्या रुपयांच्या अंगावर आजही दिसतात. सोनाराने कडी डाखून मोहर गळ्यातल्या माळेत ओवली, तीही त्या मोहरेच्या आयुष्यातली एक खरी घटना होय. संग्राहकाला हे व्रण कुरूप वाटतात, किंमतही त्यांनी उतरते. म्हणून कोणी भोक चांदीने बुजवतो, कोणी झिजलेली अक्षरे कोरणीने उकरतो, कोणी पृष्ठभाग घासून आरशासारखा करतो. याला माझ्या मते दस्तऐवजातील खाडाखोडच म्हटले पाहिजे, कारण ज्या हाताने ती केली तो स्वतःचे नाव लपवतो, आणि सातकर्णीने ते लपवले नव्हते.

आमच्या घरांतून होणारी हानी यापेक्षा निष्पाप, पण तितकीच भरून न येणारी असते. देव्हाऱ्यातल्या भांड्यांबरोबर तांब्याची शिवराईही चिंचेने उजळली जाते, आणि ‘श्री राजा शिव’ ही आधीच पातळ झालेली अक्षरे प्रत्येक सणाला आणखी पातळ होतात. तांब्यावर शतकानुशतके बसलेला तपकिरी-हिरवा थर हा बाहेरून लागलेला मळ नसून धातूचीच पालटलेली त्वचा असते. ती गेली की तिच्यातच उतरलेले अक्षरांचे बारकावेही जातात. चांदीवरचा काळा थर गंधकाच्या संयोगाने आलेला असतो. तो आम्लाने खरवडला की खालची चांदीही त्याबरोबर जाते.

तथापि हात न लावणे हेच सदैव जतन ठरत नाही. तांब्यावर फिक्या हिरव्या, भुकटीसारख्या सुटणाऱ्या चट्ट्यांचा रोग लागला असेल, तर क्षारांमुळे चाललेला तो क्षय आपोआप थांबत नाही, आणि तेथे संग्रहालयातील रसायनज्ञाचे उपचारच हवेत. चिकटलेली माती ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून सैल करणे हेही योग्यच. बाहेरून आलेले काढावे, नाण्याचे स्वतःचे झालेले राखावे, आणि जे केले त्याची नोंद ठेवावी, एवढ्यावरच सारी मर्यादा उभी आहे.

१८७८च्या निखात-निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळवणे बंधनकारक आहे. तेव्हा नांगराच्या फाळाला कधी नाण्यांचे मडके लागलेच, तर ते न धुता, न घासता, मातीसकट त्यांच्या स्वाधीन करावे, ही माझी वाचकांस कळकळीची विनंती आहे.