कडेवरचे नाव : लष्करी पदके, बिल्ले आणि वर्दी पारखताना

पहिल्या महायुद्धानंतर ‘ब्रिटिश वॉर मेडल’ नावाचे चांदीचे पदक दिले गेले. त्याच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कोकणातून आणि देशावरून भरती झालेल्या कितीतरी शिपायांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या मागे ना रोजनिशी राहिली, ना आठवणींची वही. अशा माणसाच्या वाट्याला आलेला लेखी इतिहास कधीकधी तेवढ्या एका ओळीत असतो. ती ओळ त्याच्यासाठीच घातली गेली की नंतर कोणी कोरली, हे ठरवणे म्हणूनच महत्त्वाचे. ब्रिटिशकालीन भारतीय सैन्याच्या वस्तूंची पारख शिकवणाऱ्या या पुस्तकाचे प्रयोजनही हेच आहे.

पहिली कसोटी कालक्रमाची. १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री हे नाव १९०३ च्या फेररचनेत आले. १९२२ मध्ये तीच पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन झाली. १९१५-१६ च्या, इराकमधल्या कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. तेव्हा ‘कुतच्या वेढ्यातला’ म्हणून पुढे आलेल्या बिल्ल्यावर नव्या रेजिमेंटचा पाचाचा आकडा दिसला, तर पुढे काही तपासायची गरज उरत नाही. बिल्ल्यावरचा मुकुटही असाच बोलका आहे. व्हिक्टोरियाच्या काळातला मुकुट वेगळा, १९०१ नंतरच्या राजांचा वेगळा, एलिझाबेथचा आणखी वेगळा. २६ जानेवारी १९५० ला भारत प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. एलिझाबेथ गादीवर आली ती १९५२ मध्ये. तिचा मुकुट भारतीय पलटणीच्या बिल्ल्यावर असण्याचे कारणच नाही.

दुसरी कसोटी घडणीची. ठशाखाली दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या रेषा धारदार असतात. अस्सल बिल्ल्यावरून साचा करून ओतलेल्या नकलेत त्या बोथट होतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात, आणि धातू थंड होताना आक्रसत असल्याने नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. पदकाचेही मोजमाप घ्यावे. ब्रिटिश वॉर मेडलचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. जुने नाव घासून दुसरे घातले असेल, तर कॅलिपर ते सांगतो. १९०८ चे ‘इंडिया जनरल सर्व्हिस मेडल’ लंडन आणि कलकत्ता अशा दोन टांकसाळींत पडले. लंडनच्या पदकाची कडी धरणारी पकड नक्षीदार, कलकत्त्याची साधी. हा फरक ठाऊक नसला, तर अस्सल पदकही नकली वाटू शकते.

कापडाच्या बाबतीत उतावीळपणा विशेष नडतो. पॉलिएस्टरचा शोध १९४१ चा आणि बाजारातला प्रसार त्यानंतरचा. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या कोटाची शिवण पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असेल, तर ती शिवण नंतरची. अतिनील दिव्याखाली कापड निळसर-पांढरे चमकले, तर अलीकडच्या काळातल्या रसायनाची शंका घ्यावी. पण घरच्यांनी तो कोट नव्या साबणपुडीने धुतला असला तरी तो तसाच चमकेल. अशा दुहेरी अर्थाच्या एकट्या खुणेवर निकाल देऊ नये, हा या विद्येचा पहिला धडा.

खरी कठीण गोष्ट पुढेच आहे. कोट अस्सल, बटणे अस्सल, बाहीवरची फीतही अस्सल; पण तिन्ही एकत्र आली ती गेल्या वर्षी, एखाद्या दुकानात. अशा वर्दीला काय म्हणावे? उलट, आजोबांच्या पदकाची जीर्ण फीत नातवाने प्रेमाने बदलली, तर ते पदक खोटे ठरते का? ‘खरे’ आणि ‘खोटे’ हे दोनच कप्पे इथे पुरत नाहीत. कोणता भाग केव्हाचा, तो कोणी जोडला आणि कशासाठी, हे ज्याला वेगवेगळे सांगता येते, तोच पारखी.

वस्तूला कागदाची जोड हवी. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दप्तरे आहेत. युद्धात कामी आलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदींत मिळतात. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटनने आपल्या सैनिकांना नावाविना दिली; भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नावे घातली गेली, हे आपले भाग्य. पण हेही ध्यानात ठेवावे की यादीतून नाव उचलून कडेवर कोरणे बनावट करणाऱ्याला अवघड नाही. कागद आणि धातू यांची साक्ष वेगवेगळी घ्यावी आणि मगच ताडून पाहावी.

या अभ्यासासाठी मोठी गुंतवणूक लागत नाही. एक भिंग, एक कॅलिपर, एक वही पुरते. आणि संग्रहालयातल्या निर्विवाद अस्सल वस्तू पुन्हा पुन्हा पाहण्याची चिकाटी. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पदक हाती लागले, तर ते चकचकीत करण्याचा मोह टाळा. पॉलिशने कडेवरची अक्षरे झिजतात. आणि पदक घरातलेच असेल, तर घरातल्या थोरांना आजच विचारा : ते कोणाचे, कोणत्या गावचे, घरात कसे आले. उत्तर तारीख घालून, सांगणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवा. तज्ज्ञाला पुढे जे प्रयोगशाळेतही सापडणार नाही, ते आज तुमच्या ओसरीवर मिळू शकते. या क्षेत्रात तुमचे मनापासून स्वागत आहे. इथे कामाला माणसे हवी आहेत.