देवळातून समुद्रावर

गावातलं मोठं माणूस गेलं की चौकात फ्लेक्स लागतो आणि त्यावर एक शब्द हमखास असतो: दीपस्तंभ. समाजाचा, शिक्षणक्षेत्राचा, नाहीतर घराण्याचा. मजकूर लिहिणाऱ्याने एकदा एखाद्या नाखव्याला विचारावं. बत्तीच्या रोखाने सरळ नाव हाकली तर ती बहुतेक खडकावरच जायची. समुद्रावरचा दिवा ‘या’ म्हणत नाही. ‘मी इथे आहे, तू बेताने जा’ म्हणतो.

गोंधळ शब्दाच्या कुळातच आहे. दीपस्तंभ मूळचा देवळाच्या अंगणातला. मंगेशीला गेलेल्यांनी तो पाहिलाय, सात मजल्यांचा, दिवे ठेवायच्या कोनाड्यांचा. घाटावरची त्याची बहीण म्हणजे दीपमाळ: निमुळता दगडी खांब, त्यातून बाहेर आलेले दगडी हात आणि त्रिपुरी पौर्णिमेला त्या हाताहातावर पेटलेल्या पणत्या. हा उजेड बोलावणारा. बंदरांवर मनोरे उभे राहिले तेव्हा मराठीने हाच घरचा शब्द त्यांना देऊन टाकला. सरकारी कागदावर ‘दीपगृह’ असतं. शेजारचे गुजराती ‘दीवादांडी’ म्हणतात, ते मला जास्त प्रामाणिक वाटतं. दिवा आणि दांडी, बाकी काही नाही.

युरोपात एका बेटाच्या नावावरून शब्द पडला. अलेक्झांड्रियाच्या बंदरासमोर फारोस नावाचं बेट होतं. इ.स.पू. २८०च्या सुमारास, दुसऱ्या टॉलेमीच्या काळात, तिथे प्रचंड मनोरा बांधून झाला. भूकंपांनी तो पाडला; फ्रेंच ‘फार’, स्पॅनिश ‘फारो’ आणि पोर्तुगीज ‘फारोल’ उरले. इंग्रजीतल्या ‘बीकन’चा मूळ अर्थ नुसता ‘खूण’. पुढे तो टेकडीवरच्या जाळाला चिकटला. १५८८ मध्ये स्पेनचं आरमार दिसलं तेव्हा इंग्लंडात एका टेकडीवरचा जाळ पाहून पुढच्या टेकडीवर जाळ झाला आणि वर्दी आत पोचली.

पण जाळ काय, दिवा काय, रात्री समुद्रावरून सगळे सारखेच. लांब एक ठिपका लुकलुकतो. तो गावातला कंदील, दुसऱ्या होडीतली बत्ती, की खडकावरचा मनोरा? म्हणून दिवा फिरता केला. झोत आपल्यावरून जातो तेवढाच लखलखाट, मग काळोख. नाखवा मनातल्या मनात सेकंद मोजतो, आणि दोन लखलखाटांमधल्या अंतरावरून कुठला दिवा ते ओळखतो. शेजारच्या दिव्याची चाल वेगळी ठेवलेली असते. हे फिरणं पूर्वी घड्याळाच्या यंत्रावर चालायचं. मनोऱ्याच्या पोटात साखळीला टांगलेलं वजन हळूहळू उतरायचं आणि तळाला टेकायच्या आत रखवालदाराने उठून पुन्हा किल्ली द्यायची. रात्रभर, पावसात, वादळात.

झोत लांबवर पोचवला ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच माणसाने. नोकरीने तो रस्ते-पुलांचा इंजिनिअर. एकच जाड, अवजड भिंग ओतण्यापेक्षा त्याने काचेची कडी एकाबाहेर एक बसवली, आणि चहूकडे सांडणारा उजेड एका रेषेत गोळा झाला. १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात हे भिंग लागलं. चार वर्षांनी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, फ्रेनेल गेला.

आपल्याकडे थळसमोरच्या खांदेरीवर १८६७ मध्ये दीपगृह झालं. बेटावर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला होताच, आणि कोळ्यांचा वेताळही. एका खडकावर तिघे राखणदार!

त्याआधी तीन वर्षं, १८६४ मध्ये, गोव्यात आग्वादला पोर्तुगिजांचा ‘फारोल’ उभा राहिला. तिथे एक मोठी घंटा होती, जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनी मठातून आणलेली. देवळातला शब्द समुद्रावर गेला तो तिथेच राहिला. घंटा मात्र १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये नेली, आणि अजून ती तिथेच वाजते.