६७५ रुपयांचं शेत

आमच्या घराण्यात जमीन विकत घ्यायचा प्रसंग एकदाच आला. सव्वादोन एकर, ६७५ रुपये, बारा हप्ते. घेणारा माझा आजा. पण आजाने शेत घेतलं असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. 'शेत सुटलं' म्हणतात, गहाण पडलेली पाटली सुटावी तसं. कारण त्याच शेतात त्याचा बा राबला होता आणि बाचा बाही.

हे सगळं परवा निघालं ते ऑफिसातल्या एका मित्रामुळे. राहतो डोंबिवलीत, निवृत्तीला चार वर्षं उरलीत, आणि अलिबागकडे 'स्वस्तात एखादा एकर' हवा आहे. सातारा जिल्ह्यात वडिलोपार्जित सात गुंठ्यांवर त्याचं नाव आहे, म्हणजे कायद्याने तो शेतकरी. आपल्याकडे बिगरशेतकऱ्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कुदळ कधी हातात धरलेली नसली तरी चालतं, सातबारा हवा. मांडव्याच्या बाजूचे भाव ऐकून तो गप्प झाला होता. मग एका एजंटाने त्याला सांगितलं, की धरमतरच्या खाडीकडे, खारेपाटात, अजून परवडेल अशी जमीन आहे. खारेपाट म्हणजे आमचं गाव. मी म्हटलं, चल, काकांना दाखवून घेऊ.

खारेपाटातली जमीन देवाने दिलेली नाही, खाडीकडून हिसकावलेली आहे. चिखलाचा बांध घालायचा, भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं, पावसाचं पाणी उघाडीतून सोडायचं, तीनचार पावसाळे मीठ धुऊन जाऊ द्यायचं आणि मग राता भात पेरायचं. तांबडा, जाड, पण खाऱ्या मातीत तग धरणारा. बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस चिखलात उतरायचा, रात्र असो की पाऊस. एवढं करून जमीन मात्र खोताची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची. निम्मं भात खळ्यावरूनच जायचं, आणि आजी सांगायची की द्यायचा मण आणि घ्यायचा मण कधी सारखा भरलाच नाही. शिवाय पहिला आंबा, परड्यातला भोपळा, सणाला कोंबडं, आणि खोताच्या घरचं लग्न असलं की चार दिवसांची फुकट वेठ.

आजीचं लग्न संपाच्या तिसऱ्या वर्षी झालं. तिची कालगणना अशीच होती: संपाच्या आधी, संपात, संपानंतर. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरी गावात सभा झाली, नारायण नागू पाटील पुढे होते, आणि पंचवीस गावांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. गिरणीतला संप आपण ऐकलेला असतो. शेताचा संप म्हणजे काय हे आजीने सांगितल्यावर कळलं. पाऊस पडतोय, शेत समोर आहे, बैल दावणीला आहेत, आणि पेरायचं नाही. एक वर्ष नाही, १९३९ पर्यंत. पुरुष डोंगरात लाकडं तोडायला जायचे, बाया मोळ्या विकायच्या, खाडीत चिंबोऱ्या धरायच्या. भाताच्या मुलखातल्या त्या लग्नात अक्षतांपुरते तांदूळ दुसऱ्या गावाहून उसने आणले होते. ते परत केले की नाही यावर आजी आणि तिची जाऊ म्हातारपणापर्यंत भांडत.

१९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीला आले होते. १९३७ मध्ये खोती मोडायचं बिल त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. बिल पास झालं नाही, पण १९३९ मध्ये पहिला कूळकायदा आला. मग १९४८ चा. मग १९४९ च्या कायद्याने खोतीच गेली, तरी खोताच्या खासगी जमिनीवरचं कूळ कूळच राहिलं. हे टप्पे मी पुस्तकातून जुळवले. आजीच्या तोंडी ते एका वाक्यात यायचे: 'कायदा येत होता, पण वाटेत मुक्काम करत होता.'

तो पोचला १ एप्रिल १९५७ ला. त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. सरकारी भाषेत त्याला कृषकदिन म्हणतात. नेमक्या त्याच दिवशी देशात आणे जाऊन नवे पैसे आले. आमच्या भागात हे दोन्ही बदल लोकांच्या डोक्यात असे मिसळले, की जमीन मिळाली ती नव्या पैशात मोजून घेतील की जुन्या, याचीच चिंता जास्त. मोजणीची साखळीसुद्धा तेव्हा सोळा आण्यांची, ३३ फुटांची. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे गुंठा.

पण मालक मानणं वेगळं आणि होणं वेगळं. कुळाला न्यायाधिकरणापुढे हजर राहून सांगावं लागे की मला जमीन घ्यायची आहे. आजाच्या आदल्या नंबराला आमच्याच आळीतला एक म्हातारा उभा होता. खोताचे कारभारी बाजूच्या बाकावर बसलेले. साहेबाने विचारलं, 'घ्यायची आहे का?' म्हाताऱ्याने बाकाकडे पाहिलं आणि म्हणाला, 'नको.' सहा वर्षं उपाशी राहून जो 'नाही' म्हणायला शिकला होता, तोच भिडेपोटी एक चुकीचं 'नको' बोलून गेला. असे 'नको' जागोजाग झाले. आजा पुढच्या नंबराला 'होय' म्हणाला, आणि आजीच्या मते इतक्या जोरात म्हणाला की साहेब दचकला.

किंमत ठरे सरकारी आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या पटीत, वीस पटींपासून दोनशे पटींपर्यंत. आमच्या शेताचा आकार सव्वाअकरा रुपये. साठ पट धरली, ६७५ झाले. वर्षाला सव्वाछप्पन्न, व्याज वेगळं. पावत्या काकांनी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्यात. एका पावतीवर हळदीचा डाग आहे. त्या वर्षी हप्ता भरायला आजीने हळद विकली होती की नुसताच हात लागला होता, हे आता विचारायला कुणी नाही.

दुसरी बाजूही आजीच सांगायची, हे तिचं मोठेपण. खोताच्या भावकीतली एक विधवा होती, तिचं एवढंसंच शेत. विधवांची, अज्ञानांची जमीन लगेच जात नसे, कायद्याने मुदत दिली होती. पण मुदत संपतेच. ती बाई पुढे आमच्याकडे ताक मागायला यायची, आणि आजी तिला आत बसवायची. तिच्या शेताचं काय झालं, हे मात्र आजीने कधी सांगितलं नाही.

आमच्या सातबाऱ्यावर अजून शेरा आहे: कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र. म्हणजे मिळालेली जमीन सहज विकता येऊ नये. २०१४ च्या दुरुस्तीने ते बंधन सैल झालं: खरेदीला दहा वर्षं उलटली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरा आणि विका. चाळीस गुणिले सव्वाअकरा, साडेचारशे रुपये. शेत सोडवून घेण्यापेक्षा सोडून देणं सव्वादोनशे रुपयांनी स्वस्त पडतं.

मित्राला दाखवलेली जमीन आमची नव्हती, पलीकडच्या बांधाजवळची. सकाळी सातला पोचलो. सपाट, मोकळी, मागे डोंगर, बगळे. एजंटाने फोटो काढले. मित्राच्या डोळ्यांसमोर घर उभं राहिलेलं मला दिसत होतं. काका काही न बोलता खाली बसले, बोटाने माती उकरली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकली. मग कडेला उगवलेल्या गुडघाभर तिवरांकडे बोट केलं. बांधाला खांड पडून वर्षं झालेली, कुणी बुजवलेली नाही. तिवरं एकदा माजली की ती तोडताही येत नाहीत, कांदळवनाला संरक्षण आहे.

'काका, भाव मात्र चांगला सांगतायत,' मित्र म्हणाला.

'चांगलाच आहे,' काका म्हणाले. 'पण साहेब, आता ओहोटी आहे. तुम्ही आवशेला या. दुपारी बाराच्या पुढं. येताना चपला हातात घ्यायची तयारी ठेवा.'

एजंट फोनवर बोलत गाडीकडे गेला. मित्राने मोबाईलमध्ये पुढची अमावास्या शोधली. रविवारी येत होती.