निळा ठिपका आणि जुन्नरचा डोंगर

आमच्या छावणीत विमानाचा विषय निघाला की तो १९९३वर जाऊनच थांबतो. २६ एप्रिल १९९३ला चिकलठाण्याहून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ विमानतळाबाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला थडकलं. ११८ जणांपैकी ५५ गेले. माझा जन्म त्यानंतरचा, तरी तो ट्रक आणि त्या गाठी मला डोळ्यांनी पाहिल्यासारख्या पाठ आहेत.

एका रात्री त्याच अपघाताबद्दल वाचत असताना महाराष्ट्रातल्या विमान अपघातांच्या यादीत एक ओळ दिसली. ७ जुलै १९६२, जुन्नरजवळ, ९४ मृत्यू. जुन्नर म्हणजे मला शिवनेरी, नाणेघाट आणि कॉलेजात असताना केलेला एक चिंब ट्रेक. आमच्या अपघातापेक्षा मोठा अपघात तिथे झाला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

विमान आलितालिया या इटालियन कंपनीचं होतं, डीसी-८ जातीचं. सिडनीहून निघून डार्विन, बँकॉक, मुंबई, कराची, तेहरान करत रोमला जाणारं. बँकॉकहून मुंबईकडे येताना, पावसाळ्यातल्या रात्री, बारा वाजून गेल्यावर वैमानिकांनी उतरायला सुरुवात केली. ४००० फुटांपर्यंत खाली यायची परवानगी होती. शेवटच्या संदेशात त्यांनी ३६०० फुटांकडे उतरत असल्याचं कळवलं. जुन्नरच्या त्या डोंगराला विमान आदळलं ते साधारण त्याच उंचीवर, माथ्यापासून जेमतेम पाच फूट खाली. अपघाताच्या अहवालात डोंगराचं नाव 'दवंड्याची हिल' असं आहे. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. लिहिणाऱ्याला गावकऱ्यानं काय सांगितलं असेल आणि त्यानं काय ऐकलं असेल, कोण जाणे.

विमानात बिघाड नव्हता. चौकशीत कारण निघालं ते दिशादर्शनातल्या चुकीचं. वैमानिकांना वाटत होतं की आपण मुंबईच्या बरंच जवळ आलोय. प्रत्यक्षात मुंबई ८४ किलोमीटर लांब होती आणि मधे सह्याद्री उभा होता. उपलब्ध साधनांनी आपली जागा पडताळून पाहिली नाही, सुरक्षित उंचीची मर्यादा मोडली, भूप्रदेश ओळखीचा नव्हता, असे ठपकेही अहवालानं ठेवले. ते खरेच असतील. पण हे वाचताना मला वैमानिकांचा राग येईना. आपण आज चहाच्या टपरीवर भेटायचं तरी लोकेशन पाठवतो. त्या काळी रात्रीच्या ढगात 'मी कुठे आहे' याचं उत्तर बरंचसं घड्याळ, वेग आणि वाऱ्याचा अंदाज यांच्या गणितातून काढावं लागायचं. ताशी ४५० किलोमीटर वेगानं जाणारं विमान मिनिटाला साडेसात किलोमीटर कापतं. ८४ किलोमीटर म्हणजे अवघी अकरा मिनिटं.

जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांची मदत असायची, नाही असं नाही. पण त्यातली बरीचशी फक्त दिशा सांगत, अंतर नाही. चार वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ला, एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ आल्प्समध्ये माँ ब्लाँवर आदळलं. ११७ जण गेले, त्यात होमी भाभा होते. भाभांच्या मृत्यूमागच्या कटाच्या गोष्टी व्हॉट्सॲपवर वर्षातून दोनदा तरी येतात. फ्रेंच चौकशीतली गोष्ट त्यामानानं साधी आहे आणि म्हणूनच जास्त अस्वस्थ करते. विमानातल्या दोन दिशादर्शक रिसीव्हरपैकी एक बंद होता. वैमानिकाला वाटलं, शिखर मागे पडलं. रडारवरच्या माणसानं अंतर सांगून चूक दुरुस्त करायचा प्रयत्न केला, पण ते बोलणं वैमानिकाला नीट उमगलं नाही आणि त्यानं उतरणं चालू ठेवलं.

डोंगराळ भागात अडचण दुहेरी असते. विमान ढगातून धावपट्टीपर्यंत आणणारी आयएलएस नावाची यंत्रणा जमिनीवरच्या अँटेनांवर चालते आणि ती एकच सरळ रेषा आखते. दरी मात्र सरळ नसते, आणि अँटेना लावायला सपाट, मोकळी जागाही मिळत नाही. अलास्काची राजधानी जुनो अशीच डोंगर आणि समुद्राच्या फटीत वसलेली आहे. तिथे ४ सप्टेंबर १९७१ला अलास्का एअरलाइन्सचं बोइंग ७२७ उतरताना डोंगराला धडकलं, १११ जण गेले. कारण पुन्हा तेच. जागेबद्दलची चुकीची माहिती आणि वेळेआधी उतरणं.

याच जुनोमध्ये, याच कंपनीनं १९९६ साली उपग्रहांच्या आधारे खाडीच्या वळणावळणानं उतरायची पद्धत सुरू केली. तिला आरएनपी म्हणतात. कागदावर मार्ग आखायचा, वळणांसकट. आरएनपी ०.३ म्हणजे विमानानं त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना ०.३ सागरी मैलांच्या, सुमारे ५५५ मीटरच्या, आत राहायचं. आणि तशी खात्री राहिली नाही तर विमानातल्या यंत्रणेनंच वैमानिकाला सांगायचं, 'आता माझ्यावर भरवसा ठेवू नका, वर चला.'

शेवटची अट माझ्यातल्या इंजिनिअरला सगळ्यात आवडते. मागे मी लोकेशनवर चालणाऱ्या एका ॲपवर काम करत होतो. एकदा आमचा डिलिव्हरी करणारा पोरगा स्क्रीनवर चक्क खाम नदीच्या पात्रात उभा दिसला. बिचारा छावणीच्या बाजारात, दुकानासमोर होता. चूक शे-दोनशे मीटरची. फोनमधला निळा ठिपका चुकतो याचं मला फारसं काही वाटत नाही. तो चुकला तरी तितक्याच ठामपणे लुकलुकत राहतो, हे वाईट. आमच्याकडे त्यानं एक पार्सल उशिरा पोचलं. ढगात असं चालत नाही.

म्हणून नुसतं जीपीएस विमानाला पुरत नाही. वर आणखी एक थर लागतो, चुका मोजणारा आणि इशारा देणारा. अमेरिकेनं तो २००३मध्ये सुरू केला. आपला थर म्हणजे 'गगन', इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभारलेला, ७७४ कोटी रुपयांचा प्रकल्प. देशात १५ ठिकाणी संदर्भ केंद्रं आहेत, त्यातलं एक नागपूरला. या केंद्रांना स्वतःची जागा अचूक ठाऊक असते. जीपीएस काय सांगतंय ते ती सतत ताडून पाहतात, फरक बंगळुरूला जातो, तिथे दुरुस्ती तयार होते आणि जीसॅट-८, जीसॅट-१०सारख्या उपग्रहांवरून विमानांना मिळते. 'गगन'ला ज्या दर्जाचं प्रमाणपत्र आहे, त्या दर्जासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार गडबड झाल्यापासून १० सेकंदांत इशारा वैमानिकापर्यंत पोचायलाच हवा.

अमेरिकेची पद्धत उचलून इथे बसवता आली असती तर काम लवकर उरकलं असतं. आडवं आलं ते आपलं आकाश. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनोस्फियरमध्ये, उन्हानं सुटे झालेले इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या सिग्नलला उशीर लावतात. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. तिथले इलेक्ट्रॉन वर उचलले जाऊन दोन्ही बाजूंना सांडतात, आणि उत्तरेकडचा दाट पट्टा नेमका मध्य भारताच्या आसपास येतो. सूर्य मावळल्यावर त्यात बुडबुडे उठतात, सिग्नल थरथरतो. अमेरिकी गणितात हा सगळा थर एका पातळ कवचासारखा धरलेला होता. इथे ते जमेना. इस्रोनं अनेक थर धरून नवं गणित बसवलं. ३० डिसेंबर २०१३ला प्रवासातल्या दिशादर्शनासाठी आणि २१ एप्रिल २०१५ला उंचीच्या मार्गदर्शनासह उतरण्यासाठी 'गगन'ला मान्यता मिळाली. विषुववृत्तीय पट्ट्यात हे आधी कुणी केलं नव्हतं. चांद्रयानावर आपण नाचलो तसे यावर नाचलो नाही. असो.

प्रमाणपत्र मिळालं तरी विमानात रिसीव्हर कुठे होते? २०१६च्या विमान वाहतूक धोरणात लिहिलं होतं की १ जानेवारी २०१९पासून भारतात नोंदल्या जाणाऱ्या विमानांत 'गगन'ची सोय हवी. तारीख सरकत १ जुलै २०२१वर गेली. कंपन्या खर्चाचं कारण देत सवलत मागत राहिल्या. त्यांचंही पूर्ण चूक म्हणवत नाही. मोठ्या शहरांत आयएलएस आहेच, मग 'गगन'चा फायदा लहान गावांना, आणि लहान गावांत नफा नाही. प्रवासी विमान कंपनीचं विमान 'गगन'च्या आधारे पहिल्यांदा उतरलं ते एप्रिल २०२२मध्ये, राजस्थानातल्या किशनगढला. इंडिगोचं एटीआर होतं.

मग जून २०२३मध्ये गोष्ट सह्याद्रीपाशी आली. पवनहंसचं हेलिकॉप्टर 'गगन'च्या आधारे आखलेल्या मार्गानं जुहूहून पुण्याला गेलं. हेलिकॉप्टरसाठी असं प्रात्यक्षिक आशियात पहिलंच, असं तेव्हा जाहीर झालं. घाटावरून जाणारं हेलिकॉप्टर एरवी बहुतेकदा डोळ्यांच्या भरवशावर चालतं, ढगांच्या खालून, दरी बघत. पावसाळ्यात घाट कसा दिसतो, किंवा दिसत नाही, हे लोणावळ्याला गेलेल्या कुणालाही सांगायला नको.

२ ऑक्टोबर २०२४ला सकाळी पुण्याच्या बावधनजवळ एक हेलिकॉप्टर उडाल्यावर थोड्याच वेळात कोसळलं. ते जुहूला निघालं होतं. दोन वैमानिक आणि एक इंजिनिअर, तिघेही गेले. त्या सकाळी तिथे धुकं होतं.

बातमी वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की सोळा महिन्यांपूर्वी याच दोन ठिकाणांमध्ये उपग्रहाचा मार्ग आखून दाखवला होता ना? मग थोडं थांबून विचार केला. असा मार्ग हेलिपॅडगणिक वेगळा आखावा लागतो, आसपासचा प्रत्येक डोंगर, मनोरा, विजेची तार मोजून. हेलिकॉप्टरमध्ये यंत्र हवं, वैमानिकाचं प्रशिक्षण हवं, नियामकाची मंजुरी हवी. खासगी हेलिपॅडवरून सकाळी घाईनं निघणाऱ्या उड्डाणाला यातलं काय काय मिळतं? 'गगन'नं ते तिघे वाचले असते असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण प्रात्यक्षिक आणि रोजची वहिवाट यांच्यात किती अंतर आहे ते मला त्या दिवशी दिसलं. आमच्या धंद्यात याला 'डेमो चालला, प्रॉडक्शनला गेला नाही' म्हणतात आणि त्यावर हसतात.

रात्री छावणीतल्या आमच्या गच्चीवरून कधी कधी चिकलठाण्याकडे उतरणाऱ्या विमानाचे दिवे दिसतात. शेजारचे काका अजूनही ट्रकची गोष्ट काढतात. परवा मी त्यांना जुन्नरची सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "मग आता मुंबईला जाताना पायलटला जुन्नरचा डोंगर दिसतो का?"

"रात्री नाही दिसत," मी म्हणालो. "पण यंत्राला माहीत असतो."

"आणि यंत्राला माहीत नसलं तर?"

"तर त्यानं दहा सेकंदांत सांगायचं, असं ठरलंय."

काकांनी मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं. ओठ हलताना दिसत होते.