व्यसनमुक्तीनंतरचे एकाकीपण : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात

महाराष्ट्रातील मद्यपानाचा इतिहास प्रामुख्याने कायदा व महसूल यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये मद्यप्राशन हा गुन्हा ठरला. राज्यनिर्मितीनंतर बंदी शिथिल होऊन परवाना पद्धती रुळली. या व्यवहाराच्या दप्तरांत जप्त केलेल्या दारूची नोंद असते; दारू सोडलेल्या माणसाची नसते. प्रस्तुत लेखात या माणसाच्या एकाकीपणाचा विचार केला आहे.

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे या प्रश्नाला विशिष्ट रूप आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर वागळे इस्टेट व डोंबिवली येथे कारखानदारी विस्तारली; मुंबईत नोकरी करणाऱ्यांची वस्तीही लोहमार्गालगत वाढली. पाळी सुटली वा गाडीतून उतरले, की ठरलेली मंडळी आणि ठरलेला गुत्ता. दारू सुटते तेव्हा ही सोबतही सुटते. घरचा विश्वास मात्र अद्याप परतलेला नसतो. रुग्णालयाला शरीरातील विष उतरवता येते, संध्याकाळ भरून काढता येत नाही.

ही पोकळी मद्यपींनीच ओळखली. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे व्यवहार फसून हॉटेलात एकटे पडलेल्या बिल विल्सन यांनी बारकडे न वळता बोलण्यासाठी दुसरा मद्यपी शोधला. डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी झालेल्या त्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली.

महाराष्ट्रात डॉ. सुनंदा (अनिता) व डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. निमित्त ‘गर्द’चे होते; पुढे मद्यपी रुग्णही मोठ्या संख्येने येऊ लागले. उपचारानंतरचा पाठपुरावा आणि रुग्णांच्या पत्नींसाठीचा ‘सहचरी’ गट ही या कार्याची महत्त्वाची अंगे होत. त्यांतील दुसऱ्याचे मोल प्रस्तुत लेखकास अधिक वाटते. कारण पतीचे एकाकीपण दारू सुटल्यावर उघड होते, पत्नीचे त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. मुक्तांगणशी निगडित असलेले डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ स्थापन केली. त्यामुळे मनाच्या आरोग्याचा विचार रुग्णालयाबाहेर, या परिसरातच करता येऊ लागला.

या इतिहासाच्या साधनांची अडचण वेगळीच आहे. अनामिकता हे ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चे तत्त्व असल्याने तिच्या स्थानिक गटांत कोण आले, कोण टिकले, हे कागदपत्रांतून कळणे कठीण. संशोधकाला मौखिक निवेदनांवरच विसंबावे लागेल, नावे गाळावी लागतील. आणि ती निवेदने केवळ पुरुषांची असून चालणार नाही.